बर्डीबाईंचं सक्तीचं मत

बर्डीबाई दाराकडे पाठ करून कधी बसल्या नाहीत. कुलांब्राच्या रेल्वे बराकीत त्या तीन वर्षं स्वयंपाकाला होत्या, पण टेबलाची जी बाजू भिंतीला लागून, तिथेच त्यांची खुर्ची. घास हातात आणि नजर जाळीच्या दारावर. मुकादम क्लॅरी मुलहॉलंड त्यांना चिडवायचा, "बाई, दार काय पळून जातंय व्हय? किती राखण करायची त्याची!" त्या हसायच्या, पण जागा बदलायच्या नाहीत.

ठेंगणी बाई, अंगाने चिपाड, चालणं तुरुतुरु. आल्या तेव्हा आडनाव बर्ड सांगितलं आणि आठ दिवसांत चौदा गँगमननी त्याचं बर्डी करून टाकलं. बाप कॉर्नवॉलहून आलेला खाणकामगार, माहेर दक्षिणेकडच्या तांब्याच्या खाणींवरचं. तिथली एक रीत त्यांनी इथे आणली होती. माणसं लाइनवर निघाली की प्रत्येकाच्या डब्यात एक पेस्टी असायची. मटण, बटाटा नि सलगम पिठाच्या पारीत भरून, करंजीसारखी कड मुरडून भाजलेली, आणि कोपऱ्यावर ज्याच्या त्याच्या नावाची पहिली अक्षरं पिठातच काढलेली. अर्धी खाऊन रुळाच्या कडेला ठेवली तरी कुणाची ते कळायचं. भांडण नाही.

चौदाही माणसांच्या बुटांचे आवाज त्यांना पाठ होते. पंधरावा बूट पायरीवर वाजला की त्यांच्या हातातली सुरी हातातच राहायची. एकदा मी तार घेऊन गेले तर मलाही ती सुरी बघावी लागली. "मिस लॅमरॉक, तुम्ही होय," म्हणून त्यांनी श्वास सोडला तो अजून माझ्या कानात आहे.

मी पोस्ट सांभाळायचे. पोस्ट, तारयंत्र, टेलिफोनची सतरा कनेक्शनं, सगळं मीच.

एकोणीसशे पंचवीस साल तसं सगळ्यांच्याच जिवाला घोर लावणारं गेलं. इंग्लंडहून आलेल्या खलाशांनी संप केला आणि आगबोटी बंदरात साखळदंडाला बांधल्यासारख्या पडून राहिल्या. सिडनीचा पेपर आमच्याकडे दोन दिवस उशिरा यायचा, पण त्यातली भीती ताजी असायची. देश लाल झेंडेवाल्यांच्या हाती जाणार, बाहेरून आलेल्या चिथावणीखोरांना धरून बोटीवर चढवणार, असं काहीबाही. क्लॅरी म्हणायचा, "मलाबी धरा म्हणावं. आयर्लंडचं तिकीट फुकटात. आई तरी दिसंल मरायच्या आधी."

आणि त्यातच तो मतदानाचा नवा कायदा. आता मत देणं मर्जीवर राहिलं नव्हतं. प्रत्येकाने द्यायचंच. नाही दिलं तर दोन पौंडांपर्यंत दंड, शिवाय का दिलं नाही ते लेखी कळवायचं. जुलैत कॉन्स्टेबल हेगर्टी नावनोंदणीची कार्डं घेऊन घरोघर हिंडला. हेगर्टी म्हणजे अंगाने आडवा, मनाने मऊ, आणि डोकं चालवायची वेळ आली की टोपी काढून घाम पुसणारा माणूस. बराकीत तो ऐन जेवणाच्या वेळेला पोचला, ते काही चुकून नव्हे.

"बर्डीबाई, तुमचं नाव यादीत नाही," पेस्टीचा तुकडा तोंडात ठेवून तो म्हणाला.

"नाही घातलं तर?"

"दंड."

"आणि दंड नाही भरला तर?"

"कोर्टात नाव पुकारतात. मग पेपरात छापून येतं. कुत्र्याचं लायसन नव्हतं म्हणून मागे बारा जणांची नावं आली. त्यात आमचा मेव्हणा."

"कुत्र्याचं नाव आलं का न्हाई?" क्लॅरीने विचारलं, आणि टेबल हसून हादरलं.

बर्डीबाई हसल्या नाहीत. त्यांनी कार्ड उचललं आणि एप्रनच्या खिशात घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पोस्टात कुणी नाही असं बघून त्या आल्या. कार्ड माझ्यापुढे ठेवलं. कोरंच होतं.

"ही यादी छापल्यावर कुठे लावतात?"

"इथेच. त्या खिळ्याला."

"कोण वाचतं?"

"माश्या," मी म्हटलं. "आणि गाडी चुकलेली माणसं."

"तो वाचतो," त्या म्हणाल्या.

मग त्या बोलल्या. इतक्या खालच्या आवाजात, की मला काउंटरवर वाकावं लागलं. बर्ड हे त्यांचं नाव नव्हतं. खरं नाव अदा मॅरिऑन प्रिडो. नवरा हॅरल्ड प्रिडो, शिलाई मशीनचा फिरता एजंट. कुठल्याही गावात उतरला की आधी पोस्टात जायचा आणि मतदारयादीवर बोट ठेवून एकेक नाव वाचत जायचा. एका आडनावाच्या तीन बायका सापडल्या की समजायचं, या घरात मशीन खपणार. "लग्न झालं तेव्हा मला कौतुक वाटायचं. घरी येऊन नावं म्हणून दाखवायचा. अख्खं गाव पाठ. कौतुक!"

मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघितलं. त्याची दोन बोटं वाकत नसत. दारात सापडली असं त्या सगळ्यांना सांगायच्या.

"दारातच सापडली," त्यांनी माझी नजर बघून म्हटलं. "दार त्याने लावलं."

तेव्हा ती दोघं डोंगरापलीकडच्या एका कोळशाच्या गावात राहायची. भिंतीला भिंत लागलेली घरं. आवाज वाढला की शेजारी ग्रामोफोन लावायचे. एकदा त्या पोलिसांत गेल्या, तर त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नवऱ्याला निरोप धाडला, येऊन घेऊन जा म्हणून. त्यानंतर तीन महिन्यांनी त्या एका मालगाडीच्या गार्डाला हात जोडून पळाल्या.

"मी बर्ड असंच लिहिते," त्या म्हणाल्या. "साक्षीदार म्हणून तुम्ही सही करा. एवढंच मागते."

इथे मला स्वतःबद्दल बरं काही लिहिता येणार नाही. कार्डावर खाली छापलेलं होतं: खोटी माहिती देणारा आणि ती खरी आहे म्हणून सही करणारा, दोघेही गुन्हेगार. अकरा वर्षांची माझी सरकारी नोकरी. मी घाबरले. आणि घाबरलेलं माणूस जसं शहाणपणाचं बोलतं, तसं बोलले.

"खरंच लिहा. तुम्हाला इथे अदा म्हणून ओळखतं कोण? पत्ता फक्त कुलांब्रा घालू. तीनशे मैलांवरचा माणूस आमच्या खिळ्यावरची यादी बघायला येणार आहे थोडाच."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग टाक उचलून त्यांनी खरं नाव लिहिलं. ओली शाई मीच टिपली.

ऑक्टोबरात यादी छापून आली. मी ती खिळ्याला अडकवली. गँगमन स्वतःची नावं शोधायला आले. "ह्यो बघ, माझा बाप मेला तरी अजून मत देतोय," असं म्हणून हसले. क्लॅरीला मधेच एक नाव दिसलं. "ही अदा प्रिडो कोन रं? कधी ऐकलं न्हाई." कुणी म्हणालं, असेल कुणा शेतावरची. तीन वर्षं जिच्या हातचं खात होते, तिचं नाव समोर छापलेलं असून एकालाही कळलं नाही. बर्डीबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा मोकळेपणी हसल्या. मलाही वाटलं, निभावलं.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, आणि माझ्याच लक्षात यायला हवी होती. ती यादी एकट्या कुलांब्राची नव्हती. सगळ्या मतदारसंघाची मिळून एकच छापलेली होती आणि चाळीस पोस्टांत चाळीस खिळ्यांना लटकत होती.

मतदान शनिवारी, चौदा नोव्हेंबरला. आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने एक गृहस्थ उतरला. इस्त्रीचा कोट, केसांना सुवासिक तेल, हातात नमुन्यांची पेटी. पोस्टात शिरताच त्याने हॅट काढली. कुलांब्रात पोस्टात हॅट कुणी काढत नसे.

"मिस, अदा प्रिडो यांचा पत्ता हवा होता."

"या नावाने इथे पत्र येत नाही," मी म्हटलं. ते खरं होतं.

"लॉडर्स क्रॉसिंगच्या पोस्टात यादीत वाचलं. पत्ता नुसता कुलांब्रा." तो भिंतीकडे गेला. त्याचं बोट पानावरून सावकाश खाली उतरत आलं, थांबलं, आणि त्या नावावरून हळूच फिरलं, जसं मांजराच्या पाठीवरून फिरवावं. "माझी बायको. मनाने जरा हललेली आहे बिचारी. भरकटते."

"मला माहीत नाही."

"असू दे, असू दे. उद्या मतदान ना? केंद्र एकच, शाळेत?" तो हसला. हसणं छान होतं त्याचं, तीच भीती. "सरकारने माझं काम किती सोपं केलं बघा. दारोदार हिंडायला नको. बाकावर बसायचं. सगळं गाव आपल्या पायांनी समोरून जाणार."

तो हॉटेलकडे वळलेला दिसला तशी मी पोस्टाला कुलूप ठोकलं. सरकारी वेळेत, अकरा वर्षांत पहिल्यांदा. आणि मागच्या वाटेने बराकीत धावले.

बर्डीबाई पीठ मळत होत्या. मी सांगितलं. त्यांचे हात पिठातच थांबले.

"जाऊ नका तुम्ही उद्या," मी म्हटलं. "दंड होईल तो मी भरते. काय लिहायचं ते कारणही मी लिहून देते. ताप होता म्हणू."

"आणि तो?"

"संध्याकाळी आठला केंद्र बंद होईल. कंटाळून जाईल."

"तो कंटाळत नाही, मिस. तो विक्री करतो." त्यांनी हाताला चिकटलेलं पीठ एकेक बोटाने काढायला सुरुवात केली. "सोमवारी पेटी घेऊन घरोघर निघेल. एजंटाला कुणी दारातून हाकलत नाही. सगळी माणसं लाइनवर असतील. ह्या बराकीला दार एकच आहे. मी इथे असेन, एकटी."

"संध्याकाळच्या गाडीने निघा मग."

"फलाट हॉटेलच्या समोर आहे."

चुलीवरची किटली उकळत होती. दोघींपैकी कुणी ती उतरवली नाही.

"भ्यायचंच आहे तर चार माणसांत भिईन," त्या शेवटी म्हणाल्या. "मी जाते मत द्यायला."

"आणि चार माणसांनी काही केलं नाही तर?"

"नाहीच करत. पण त्यांना बघावं तरी लागेल. तिथे ग्रामोफोन नाही."

सकाळी मी आधी हेगर्टीला गाठलं. तो बूट पुसत होता. सगळं ऐकून त्याने टोपी काढली आणि घाम पुसला.

"मिस, नवरा-बायकोत पोलीस पडत नाही. त्याने अजून काही केलेलं नाही."

"करेल ना!"

"केलं तरी ती घरातली बाब. मी काय लिहू वहीत? बाई घाबरली होती म्हणून लिहू?"

शनिवारी पोस्ट दुपारी बंद होतं. दीडला मी बर्डीबाईंना आणायला गेले. त्यांनी करडी हॅट घातली होती आणि पुन्हापुन्हा पिन खोचत होत्या. त्यांचा हात मी धरला होता, तो लाकडासारखा लागत होता.

शाळेच्या आवारात एका झाडाखाली बाक होता. प्रिडो सकाळी आठपासून तिथे बसला होता. येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना हॅट उचलून नमस्कार करत होता, आणि दोन मशीनची ऑर्डरही त्याने लिहून घेतली होती म्हणे. आम्ही फाटकातून आत आलो आणि तो उभा राहिला. ओरडला नाही, धावला नाही. नुसता मागे चालू लागला. त्याचे बूट मला ऐकू येत होते. बर्डीबाईंना ते किती ऐकू येत असतील!

"अदा," तो मऊ आवाजात म्हणाला. "बारीक झालीस गं."

त्यांची पावलं अडखळली. मी ओढलं तेव्हा पुढे पडली.

आत रांगेत क्लॅरी आणि त्याची पाच-सहा माणसं होती. त्यांनी बर्डीबाईंना पुढे घेतलं. "या बाई, तुमाला चुलीकडं जायचं असंल." टेबलामागे शाळेचे मास्तर, मिस्टर एल्फिक. वाळकुडा माणूस. गावात त्यांना कुणी फारसं जुमानत नसे. फळ्यावरची तारीखसुद्धा पट्टी लावून लिहायचे, यावरून पोरं त्यांची नक्कल करायची. आज ते केंद्राध्यक्ष होते आणि टेबलावर पट्टी होतीच.

"आपलं पूर्ण नाव?"

बर्डीबाईंचे ओठ हलले.

"मोठ्याने बोला, बाई. नियम आहे."

त्यांनी डोळे मिटले. "अदा मॅरिऑन प्रिडो."

"आँ?" मागून क्लॅरीचा आवाज आला.

"राहणार कुठे?"

"रेल्वेची बराक."

"या निवडणुकीत यापूर्वी मत दिलं आहे काय?"

"नाही."

मास्तरांनी यादीत नाव शोधलं, त्याखाली पट्टी लावली, रेघ मारली आणि मतपत्रिका त्यांच्या हातात दिली. तेवढ्यात प्रिडो आत आला आणि त्याने त्यांचं कोपर धरलं. दिसायला हळूच. बर्डीबाईंच्या तोंडून लहानसा आवाज निघाला, पायाखाली सापडलेल्या पिल्लासारखा.

"झालं ना नाव सांगून? चल आता घरी." मग सगळ्यांकडे बघून, "माफ करा हं, मंडळी. बायको आहे माझी. तीन वर्षं शोधतोय."

मी क्लॅरीकडे बघितलं. अडीच मणाचा स्लीपर एकटा उचलणारा माणूस, आपल्या बुटाच्या नाडीकडे बघत होता. त्याची माणसंही बघत होती. कुणी खोकलं. दाराशी हेगर्टी उभा होता, त्याची नजर छपरातल्या वाशांवर. मला वाटलं, संपलं.

"गृहस्थ," मिस्टर एल्फिक म्हणाले, "आपण मतदार आहात काय?"

"मी नवरा आहे तिचा."

"ते मी विचारलं नाही. या केंद्राच्या यादीत आपलं नाव आहे काय?"

"नाही."

"मग आपण आत कसे? बाहेर व्हा."

"चाललोच आहे. बायकोला घेऊन."

"तसं होणार नाही." मास्तरांचा आवाज चिरका होता. "त्यांच्या हातात मतपत्रिका आहे. ती केंद्राबाहेर जाता कामा नये. ज्या हातात ती आहे तो हात ओढून नेणं म्हणजे मतदाराला अडवणं. हेगर्टी, यांना बाहेर काढा."

हेगर्टीने टोपी काढली. "मास्तर, नवरा-बायकोचं आहे ते…"

"मी आज मास्तर नाही. केंद्राध्यक्ष आहे. हुकूम लेखी देऊ?"

लेखी म्हटल्यावर हेगर्टी हलला. लेखी हुकमाचं उत्तर त्याला वरती द्यावं लागलं असतं. त्याने प्रिडोच्या खांद्यावर हात ठेवला, आणि प्रिडो हसत, हात वर करून, बाहेर गेला. पायरीवर हेगर्टी त्याला समजावत राहिला, "गड्या, आठनंतर बघ काय ते." मी ते ऐकलं. बर्डीबाईंनीही ऐकलं.

त्या मतपत्रिका घेऊन आडोशाकडे वळल्या, आणि तेवढ्यात तो हेगर्टीला बाजूला लोटून परत आत घुसला. आता तोंडावर हसू नव्हतं. त्याने बर्डीबाईंचा डावा हात धरला, पिरगळला, आणि मास्तर मधे आले तशी टेबलालाच लाथ घातली. दौत उडाली. कोऱ्या मतपत्रिका जमिनीभर पसरल्या, त्यांवरून निळी शाई वाहत गेली. यादी भिजली. मिस्टर एल्फिक पांढरेफटक पडले. बाई किंचाळत होती त्याने नव्हे, त्या कागदांनी.

"सरकारी मतपत्रिका!" ते ओरडले. "हेगर्टी! मतपत्रिका!"

आणि हेगर्टीने, इतक्या वर्षांत मी त्याला असं बघितलं नव्हतं, त्या माणसाला मागून कवेत घेऊन जमिनीवर आडवा केला आणि बेड्या घातल्या.

"बायकूला धरलं म्हनून?" क्लॅरीने हळूच विचारलं.

"नाही," हेगर्टी धापा टाकत म्हणाला. "केंद्रात दंगा केला म्हणून. ते कलम आहे माझ्याकडे."

त्याला नेल्यावर सगळे कागद वेचायला लागले. बर्डीबाई होत्या तिथेच उभ्या, हात पोटाशी धरून. मतपत्रिका अजून मुठीत, चुरगळलेली.

"बाई, आपलं मत राहिलं आहे," मिस्टर एल्फिक म्हणाले.

त्या आडोशामागे गेल्या. पेन्सिल लाकडावर टकटक वाजत होती. फार वेळ लागला. उमेदवारांच्या नावांपुढच्या चौकोनांत पसंतीचे आकडे आले की नुसत्या रेघोट्या, देव जाणे.

मंगळवारी लॉडर्स क्रॉसिंगला कोर्टात त्यांना एकच प्रश्न विचारला. आरोपीने धरलं तेव्हा मतपत्रिका तुमच्या हातात होती का? त्या म्हणाल्या, होती. बोटांचं कुणी विचारलं नाही, कोळशाच्या गावाचं कुणी विचारलं नाही. एक महिन्याची कैद झाली त्याला.

महिन्यातले दहा दिवस त्यांनी बराकीत काढले, कारण नवी स्वयंपाकीण यायची होती. त्या दहा दिवसांतही खुर्ची भिंतीलाच होती. मग एका संध्याकाळी पूर्वेकडच्या गाडीने निघाल्या. ट्रंक क्लॅरीने आणली होती. ती डब्यात चढवून तो हॅट चुरगाळत उभा राहिला.

"बाई, त्या रोजी म्या हललो न्हाई."

"माहीत आहे," बर्डीबाई म्हणाल्या. "मी बघत होते."

गाडी सुटण्याआधी त्यांनी मला एक कार्ड दिलं. पत्र आलंच तर पुढे कुठे पाठवायचं त्याचा पत्ता. मी ते पोस्टातल्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, काउंटरच्या खाली, माझ्या उजव्या हाताशी.

डिसेंबरच्या अठरा तारखेला, नाताळच्या पार्सलांचा ढीग माझ्या पाठीमागे छतापर्यंत लागलेला असताना, दारात कुणीतरी हॅट काढली.

कोट तोच. जरा सैल झालेला.

"मिस लॅमरॉक," तो म्हणाला. माझं नाव त्याने विचारून घेतलं होतं. "तिने पत्ता ठेवला असेल ना?"

"पोस्टात कुणाचं काय येतं-जातं ते सांगायचं नाही अशी आमची शपथ असते."

"मी कुणी परका नाही."

"शपथेत नवरा वेगळा काढलेला नाही."

हे मी बोलले खरी, पण आवाज माझा नव्हता, चिरका, मिस्टर एल्फिकसारखा. त्याने काउंटरची उचलायची फळी बोटाने वाजवली. मग ती दोन इंच वर केली. "आणि मी आत आलो तर?"

"सरकारी पोस्टात घुसल्याचा गुन्हा होईल."

"हेगर्टी जेवायला गेलाय," तो म्हणाला. "मी बघून आलो."

बाहेर रस्त्यावर कुणीच नव्हतं. उन्हाने पत्रा तडतडत होता. माझा हात ड्रॉवरच्या मुठीवर गेला होता आणि तो तिथून काढला तर त्याला कळेल, ठेवला तरी कळेल, एवढंच मला सुचत होतं. पश्चिमेकडच्या गाडीने लांबून शिट्टी दिली. त्याने मान वळवली.

"पश्चिमेच्या खाणींकडे गेली असेल," तो जणू स्वतःशीच बोलला. "खाणकाम्याची पोर. हो ना?"

भीतीने माझी मान आपोआप खाली गेली. ती खाली गेलेली त्याने बघितली, आणि हसला. त्याला हवं ते उत्तर मिळालं होतं. फळी त्याने अलगद खाली ठेवली, हॅट घातली, आणि फलाटाकडे पळाला.

गाडी निघाली. मी खिडकीतून डबे मोजले आणि तो खरंच चढलाय याची खात्री केली.

पश्चिमेकडची ती लाइन दोनशे मैलांवर संपते. पुढे रूळच नाहीत. तिथे ती नाही हे कळायला त्याला दोन दिवस लागतील, फार तर तीन, आणि परतीची गाडी कुलांब्रावरूनच जाते. मी दार आतून लावून घेतलं, ड्रॉवर उघडून त्या कार्डावरचा पत्ता बघितला आणि बर्डीबाईंना सावध करायची तार लिहायला घेतली. नावाच्या जागी काय घालावं यावर माझा हात थांबला. मग लिहिलं, मिसेस बर्ड.